कायदा पाळा, तरच पैसे: युरोपीय संघाच्या निधीच्या अटीचा तीन वर्षांचा अनुभव

फेब्रुवारी २०२३ मधली दुपार. होरायझन युरोप या युरोपीय संघाच्या संशोधन निधीच्या योजनेत आमच्या प्रकल्पाचा अर्ज जायचा होता. कोऑर्डिनेटर बाई दुसऱ्या देशातून व्हिडिओ कॉलवर होत्या आणि स्क्रीन शेअर करून बजेटचा तक्ता भरत होत्या. सात संस्था, सात ओळी. आमच्या ओळीवर त्या जरा थांबल्या, "सॉरी" म्हणाल्या आणि भूमिकेच्या रकान्यातलं ‘बेनिफिशरी’ काढून त्यांनी ‘असोसिएटेड पार्टनर’ निवडलं. शेजारच्या रकान्यात चार लाख युरोंच्या घरातला आकडा होता, त्याच्या जागी शून्य आलं. काम तेवढंच होतं, माणसं तीच होती, फक्त पैसे नव्हते. कॉलवर कुणी काही बोललं नाही. मग त्या आठव्या पानावर गेल्या.

मी बुडापेस्टमधल्या एका विद्यापीठात संशोधन प्रकल्पांचा हिशेब बघते. अर्ज, बजेट, टाइमशीट, ऑडिट, सगळं. गेली बारा वर्षं इथेच आहे. ज्या व्यवस्थेमुळे ते शून्य आलं, तिचा हा रिव्ह्यू आहे. युरोपीय संघाच्या सामायिक तिजोरीतून पैसे हवे असतील तर देशात कायद्याचं राज्य हवं, ही ती अट. हॉटेलचा किंवा मोबाइलचा रिव्ह्यू लिहितात तसा हाही वापरणाऱ्याच्या बाजूने लिहितेय. ४५ कोटी लोकांच्या करातून चालणारी ही सेवा आहे आणि तिच्याबद्दल जे लिहिलं जातं ते बहुतेक ब्रसेल्समध्ये बसून लिहिलं जातं.

माझं मत आधीच सांगते. ही अट हवी. ती नसती तर आज हंगेरीत जी थोडीफार दुरुस्ती दिसते तीही दिसली नसती. पण शेवटच्या माणसाला तुझे पैसे बुडणार नाहीत असं जे वचन कागदावर दिलं आहे, तिथे ही सेवा कमी पडते. आणि त्या शेवटच्या माणसांतच मी रोज वावरते.

आधी ही अट का आली ते थोडक्यात. संघाकडे जुनं हत्यार होतं, करारातलं कलम ७. पोलंडविरुद्ध ते डिसेंबर २०१७ मध्ये उगारलं, हंगेरीविरुद्ध सप्टेंबर २०१८ मध्ये. पण त्यात एखाद्या देशाचा मताधिकार काढायच्या आधी बाकी सगळ्या देशांचं एकमत लागतं. हंगेरीने पोलंडला आणि पोलंडने हंगेरीला हात दिला की संपलं. तसंच झालं. मग डिसेंबर २०२० मध्ये नवा नियम आला, क्रमांक २०९२. यात एकमत लागत नाही. २७ पैकी किमान १५ देश, आणि त्या देशांत संघातल्या किमान ६५ टक्के लोकांची वस्ती, एवढ्या बहुमतावर निधी अडवता येतो. हा बदल लहान वाटतो, पण सगळी ताकद त्यातच आहे. दोघांनी एकमेकांची पाठ राखायची सोय संपली.

अर्थात तो सुखासुखी आला नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये दोन्ही देशांनी सात वर्षांचं बजेट आणि कोविडनंतरचा मदत निधी, मिळून १.८ लाख कोटी युरो, अडवून धरले. तोडगा निघाला तो असा: नियम १ जानेवारी २०२१ पासून लागू, पण न्यायालयाचा निकाल येईपर्यंत कमिशन, म्हणजे संघाचा कारभार चालवणारं युरोपीय आयोग, तो वापरणार नाही. निकाल आला १६ फेब्रुवारी २०२२ ला. लक्झेंबर्गमधल्या संघाच्या न्यायालयाने पूर्ण पीठ बसवून दोन्ही देशांच्या याचिका फेटाळल्या. नियम शिक्षेसाठी नाही, बजेटच्या रक्षणासाठी आहे, म्हणून वैध आहे, असं त्यांनी सांगितलं. पुढे हंगेरीतली ३ एप्रिलची निवडणूक होऊन गेली आणि २७ एप्रिलला कमिशनची औपचारिक नोटीस निघाली. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. त्या सव्वा वर्षात जी टेंडरं निघाली, जे कायदे झाले, ते झालेच.

‘पुरेसा थेट संबंध’ हे या नियमातले कळीचे शब्द. न्यायव्यवस्था कमकुवत झाली एवढं सांगून भागत नाही. त्यामुळे युरोपीय पैशाच्या वापराला पुरेसा थेट धोका आहे हे दाखवावं लागतं. हिशेब करणारी म्हणून मला हे पटतं. आमच्याकडेही ऑडिटर येतो तेव्हा "तुमचं वातावरण बरं नाही" असं म्हणत नाही. व्हाउचर दाखवा म्हणतो. हंगेरीबाबत व्हाउचर होती. सरकारी खरेदीत एकच निविदा येण्याचं प्रमाण फार होतं, त्याच त्या कंपन्यांना कामं मिळत होती, आणि मोठ्या भ्रष्टाचाराचे खटले उभेच राहत नव्हते. पूर्वेकडच्या एका गावात युरोपीय निधीतून झाडांच्या शेंड्यांमधून चालायचा लाकडी पूल बांधला, आणि तिथे झाडंच नव्हती. त्याचा फोटो इथे प्रत्येकाने पाहिला आहे. बुडापेस्टच्या मेट्रो ३ ने रोज ये-जा करणाऱ्या मला ते फार लागलं, कारण त्याच तिजोरीच्या पैशांतून ही मेट्रोही नवी झाली. २०२३ मध्ये शेवटची स्टेशनं उघडली आणि व्हीलचेअरवरच्या बायका पहिल्यांदा लिफ्टने खाली येताना दिसल्या. याच निधीतून असं कामही होतं. म्हणून त्याच्या रक्षणाचं मला मनापासून वाटतं.

आता माझ्या विद्यापीठाचा भाग. हंगेरीने २०१९ पासून एकेक करून बहुतेक सरकारी विद्यापीठं ‘सार्वजनिक हिताच्या मालमत्ता न्यासां’कडे दिली. इथे सगळे त्याला केक्वा म्हणतात. लांबलचक हंगेरियन नावाची ती आद्याक्षरं. इमारती, जमिनी, कारभार, सगळं न्यासाकडे. आणि न्यासाच्या विश्वस्त मंडळावर कोण? मंत्री, राज्यमंत्री, सत्ताधाऱ्यांच्या जवळचे लोक, तेही मुदतीशिवाय. जो निधी वाटतो तोच घेणाऱ्याच्या खुर्चीत. कुंपणानेच शेत खावं अशी ही रचना होती, आणि ती रोखायला हवी होती याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

१५ डिसेंबर २०२२ ला संघातल्या देशांच्या मंत्रिपरिषदेने निर्णय घेतला. पर्यावरण, वाहतूक आणि प्रादेशिक विकास या तीन कार्यक्रमांचा ५५ टक्के निधी अडवला, साधारण ६.३ अब्ज युरो. कमिशनने ६५ टक्के सुचवलं होतं, तर त्यात सूट मिळाली. त्याच आठवड्यात हंगेरीने युक्रेनच्या १८ अब्ज युरोंच्या मदतीवरचा आणि कंपन्यांवरच्या किमान करावरचा नकाराधिकार सोडला. या दोन गोष्टी एकाच टेबलावर आल्या हे कुणापासून लपलं नाही. माझा पहिला मोठा आक्षेप इथे आहे. हंगेरीने कबूल केलेल्या १७ सुधारणा मोजायच्या होत्या तर त्या मोजूनच टक्का ठरायला हवा होता. वजनकाट्यावर दुसरं काही ठेवलं की मापावरचा विश्वास जातो.

निर्णयाचं दुसरं कलम आमच्यासाठी होतं. केक्वा आणि त्यांच्या संस्था यांच्याशी युरोपीय निधीचे नवे करार करायचे नाहीत. जुने करार चालू राहतील. एकवीस विद्यापीठं त्यात आली. इरॅस्मस या विद्यार्थी देवाणघेवाणीच्या योजनेचे जुने करार २०२४ च्या उन्हाळ्यापर्यंत पुरले, म्हणून विद्यार्थ्यांना झळ उशिरा बसली. संशोधकांना पहिल्या महिन्यापासून बसली, कारण आमचं सगळं पुढच्या अर्जावर चालतं.

‘असोसिएटेड पार्टनर’ म्हणजे काय ते प्रयोगशाळेत उभं राहिल्याशिवाय कळत नाही. नियमाने आम्हाला प्रकल्पातून काढलं नव्हतं. या, काम करा, खर्च तुमचा, एवढंच. आमच्याकडे एक पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर करारावर काम करणारा संशोधक, होता, प्रथिनांवर काम करणारा, शांत, रात्री उशिरापर्यंत थांबणारा मुलगा. त्याचा पगार त्या शून्य झालेल्या रकान्यात होता. विद्यापीठाच्या पैशांतून आम्ही त्याचे सात महिने ओढले. आठव्या महिन्यात तो व्हिएन्नाला गेला. गाडीने पावणेतीन तास लागतात, पण तिथल्या विद्यापीठाच्या रकान्यात आकडा होता. उणे ऐंशीच्या फ्रीझरच्या दारावर त्याच्या अक्षरातली नमुन्यांची यादी अजून चिकटवलेली आहे. चौथ्या खणातल्या डब्या कुणाच्या, हे आता त्या यादीवरूनच कळतं.

त्याने कुठलं टेंडर फिरवलं नव्हतं, विश्वस्त मंडळावर कुणाला बसवलं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं माझ्या तोंडून त्या दिवशी गेलं. हंगेरियन सहकारणीला मी त्याचा अर्थ सांगितला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पण चोराला पकडायला दुसरा रस्ता होता का?" मी त्यावर खूप विचार केला आहे.

याचं एक उत्तर याच नियमाच्या कलम ५ मध्ये आहे. निधी अडवला म्हणून सरकारची देणी संपत नाहीत. ज्याला सरकारमार्फत पैसे मिळणार होते, त्याला ते सरकारने स्वतःच्या तिजोरीतून द्यायचे. न दिल्यास लाभार्थ्याने कमिशनला वेबसाइटवरून कळवायचं, आणि पैसे मिळावेत म्हणून कमिशन शक्य ते सर्व करील. हे कलम मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. कुणीतरी शेवटच्या माणसाचा विचार करून ते लिहिलं आहे.

आमच्या ओळखीचा एक लहान कंत्राटदार शाळांच्या भिंतींना थर्मल इन्सुलेशन करतो. चार कामगार, एक व्हॅन. ऊर्जा बचतीच्या एका कामाचे पैसे त्याला महिनोन्महिने मिळत नव्हते. मी त्याला मोबाइलवर हंगेरियनमधलं कलम ५ उघडून दाखवलं. त्याने ते दोनदा वाचलं, बोटाने ओळ धरून. मग म्हणाला, "म्हणजे सरकारने पैसे दिले नाहीत तर मी सरकारची तक्रार ब्रसेल्सला करायची. आणि पुढचं काम मला कोण देणार?" फोन परत माझ्या हातात देऊन तो व्हॅनकडे गेला. त्याने तक्रार केली नाही.

कलमाचा हा दोष मला सगळ्यात मोठा वाटतो. हक्क दिला आहे, पण तो ज्याच्याविरुद्ध बजावायचा त्याच्याच हातात माणसाची रोजीरोटी आहे. आणि आमच्यासारख्यांना तर हे कलम लागूच होत नाही. होरायझनचे पैसे ब्रसेल्सहून थेट येतात, मध्ये सरकार नाही. त्यामुळे ‘सरकारने भरून द्यावं’ हा आधार आमच्या पोस्टडॉकला नव्हता. पुढे सरकारने विद्यार्थ्यांसाठी पॅनोनिया नावाची शिष्यवृत्ती काढली, तिचा अनेकांना उपयोगही झाला. पण सात देशांच्या प्रकल्पात बरोबरीचा भागीदार म्हणून बसण्याची जागा त्याने भरून निघत नाही.

मग फायदा काय झाला? झाला, आणि तो मी कमी लेखणार नाही. नाक दाबलं की तोंड उघडतं. भ्रष्टाचारावर लक्ष ठेवणारं स्वतंत्र सचोटी प्राधिकरण नोव्हेंबर २०२२ मध्ये उभं राहिलं. एका निविदेच्या टेंडरांचं प्रमाण युरोपीय निधीत १५ टक्क्यांखाली आणायचं लेखी लक्ष्य ठरलं. २०२३ च्या सुरुवातीला मंत्री विश्वस्त मंडळांवरून उतरले. ज्या मंडळाकडे बोट दाखवायची आमच्याकडे कुणाची हिंमत नव्हती, तिथले मोठे लोक एका निर्णयाने खाली आले, हे मी पाहिलं आहे. तो दिवस आमच्या जेवणाच्या खोलीत सगळ्यांच्या लक्षात आहे. मात्र सुधारणा तिथेच अडकली. पायउतार झालेल्यांना किती काळ परत येता येऊ नये, मंत्र्यांच्या खालचे अधिकारी चालतील का, यावर घोडं अडलं. डिसेंबर २०२४ मध्ये कमिशनने नवा कायदा अपुरा ठरवला आणि आमचं शून्य शून्यच राहिलं.

याच महिन्याच्या अखेरीस आणखी एक गोष्ट घडली. अडवलेला निधी कायम अडवून राहत नाही. दोन वर्षांत अट पूर्ण झाली नाही की तो कायमचा जातो. ३१ डिसेंबर २०२४ ला हंगेरीचे पहिले १.०४ अब्ज युरो असे गेले. देशाची वस्ती कोटीच्याही आत आहे, म्हणजे माणशी शंभर युरोंहून जास्त. माझ्या शेजारच्या आजींच्या वाट्याचे शंभर, कंत्राटदाराच्या चार कामगारांचे चारशे. ज्यांनी निर्णय घेतले त्यांच्या खिशातून यातलं काही गेल्याचं मला दिसत नाही.

वापरणाऱ्याला आणखी एक गोष्ट त्रास देते, ती म्हणजे कुलपं तीन आहेत आणि प्रत्येकाची किल्ली वेगळी. एक हा २०९२ नियम. दुसरं मूलभूत हक्कांच्या सनदेशी जोडलेली विकास निधीची अट. तिसरं कोविडनंतरच्या मदत निधीचे टप्पे. हंगेरीसाठी असे २७ ठरवले आणि ते पूर्ण होईपर्यंत पैसे सुटायचे नाहीत. बातमीत ‘हंगेरीचे पैसे सुटले’ असं आलं की माझा फोन वाजायला लागतो, आणि दर वेळी मला सांगावं लागतं की सुटलं ते दुसरं कुलूप, आपलं पहिलं. १३ डिसेंबर २०२३ ला तेच झालं. न्यायव्यवस्थेतल्या सुधारणा मान्य करून कमिशनने सुमारे १०.२ अब्ज युरो मोकळे केले. दुसऱ्याच दिवशी शिखर परिषदेत युक्रेनच्या प्रवेश वाटाघाटींचा निर्णय झाला आणि त्याला विरोध करणारे हंगेरीचे पंतप्रधान तेवढ्या वेळेपुरते खोलीबाहेर गेले. मार्च २०२४ मध्ये युरोपीय संसदेने त्या १० अब्जांवरून कमिशनलाच न्यायालयात खेचलं. हंगेरीतल्या न्यायाधीशांच्या परिषदेला खरोखर अधिकार मिळाले होते, हे मी नाकारत नाही. पण तारखा शेजारी शेजारी आल्या की सामान्य माणूस सुधारणा वाचत नाही, तारखा वाचतो. आमच्या ऑफिसात त्या आठवड्यात सगळ्यांना एकच वाटलं: ज्यांच्याकडे सौदा करायला काही आहे त्यांचं सुटतं, आमच्याकडे नाही.

पोलंडचं उदाहरण लोक यशाचं म्हणून देतात. तिथे हा २०९२ नियम लावलाच नव्हता. पैसे अडले होते ते इतर कुलपांनी. सरकार बदललं, फेब्रुवारी २०२४ मध्ये १३७ अब्ज युरोंपर्यंतचा रस्ता मोकळा झाला, संघाच्या पैशांतल्या अफरातफरीचे खटले चालवणाऱ्या युरोपीय सरकारी वकिलांच्या कार्यालयात पोलंड सामील झाला. आनंदाची गोष्ट आहे. पण बराचसा भरवसा तेव्हा झालेल्या कायद्यांपेक्षा सुधारणांच्या आराखड्यावर ठेवला गेला, आणि हंगेरियन माणसाला ती दोन मापं दिसतात.

जुलै २०२५ मध्ये २०२८ ते २०३४ च्या बजेटचा प्रस्ताव आला, त्यात कायद्याच्या राज्याची अट सगळ्या निधीला जोडायचं म्हटलं आहे. माझी मागणी एकच आहे. जिथे सरकारवर विश्वास नाही म्हणून पैसे अडवता, तिथे तेच पैसे नगरपालिकेला, शाळेला, प्रयोगशाळेला थेट द्यायची वाट त्याच निर्णयात लिहा. युरोपीय संसदेने हे अनेकदा मागितलं आहे. कंत्राटदाराला तक्रार करावी लागू नये, त्याच्या खात्यात रक्कम यावी. आणि न्यासांसारख्या प्रकरणात संशोधकाचा पगार वेगळा काढता यायला हवा: विश्वस्त मंडळाचा हात न लागणारं वेगळं खातं, त्यावर बाहेरचा ऑडिटर. असं खातं मी उद्या उघडून देऊ शकते, आमच्या प्रत्येक प्रकल्पाचा हिशेब तसाही वेगळाच ठेवावा लागतो.

पाचपैकी साडेतीन तारे देते. कायदेशीर पायाला पाच, वेळेवर येण्याला दोन, शेवटच्या माणसाला सांभाळण्याला दीड, आणि मंत्री खुर्चीवरून उतरले त्या दिवसासाठी वरची भर.

इथे पीएचडीला किंवा पोस्टडॉकला यायचं म्हणून बऱ्याच जणांचे मेल येतात, त्यांच्यासाठी. मी हे ऑक्टोबर २०२५ मध्ये लिहितेय, बदल झाला का ते आधी बघा. विद्यापीठ केक्वाच्या ताब्यात आहे का, हे पहिल्याच मेलमध्ये विचारा. बुडापेस्टचं एल्टे विद्यापीठ अजून सरकारी आहे, बहुतेक इतर नाहीत. स्टायपेंडियम हंगारिकम शिष्यवृत्ती हंगेरी सरकारची आहे, तिला या बंदीचा धक्का लागत नाही. मारी क्युरी फेलोशिप युरोपीय संघाच्या पैशांची, तिच्यासाठी मात्र केक्वाच्या ताब्यातली संस्था यजमान म्हणून धरू नका. आणि प्राध्यापक म्हणाले की प्रकल्प आहे, तर नाव विचारून थांबू नका. तुमचा पगार कुठल्या रकान्यातून येणार आणि त्या रकान्यात आज काय आकडा आहे, तो तक्ता मागून घ्या.